पडद्यावरचे यंत्रमानव: कोण मनात राहिलं आणि कशामुळे?

शुक्रतारा

सिनेमातल्या यंत्रमानवांच्या याद्या बहुतेक वेळा ताकदीवर ठरतात. कोणाकडे शस्त्रं जास्त, कोण कोणाला हरवेल, वगैरे. मला त्यात फारसा रस नाही. सिनेमा बघून वर्षं उलटतात, कथा निम्मी विसरलेली असते, तरी एखादं यंत्र मनातून हलत नाही. ते कशामुळे, यावर इथल्या मंडळींशी बोलायचं आहे.

माझं मत आधीच सांगते: ज्याला चेहरा कमी, तो जास्त लक्षात राहतो.

उदाहरण 1972 च्या 'सायलेंट रनिंग'चं. डग्लस ट्रम्बलचा सिनेमा. पृथ्वीवरची जंगलं संपलेली आहेत. जी थोडी उरली ती मोठमोठ्या घुमटांत घालून अवकाशयानांवर जपली आहेत. तिथे कामाला तीन ठेंगणे यंत्रमानव असतात. नायक त्यांना ह्यूई, ड्यूई आणि लूई अशी नावं देतो. त्यांना डोकं नाही, डोळे म्हणावेत असं काही नाही, बोलणं तर नाहीच. एक चौकोनी पेटी, दोन आखूड पाय आणि पुढून बाहेर येणारा एक यांत्रिक हात, इतकंच. नायक त्यांना पत्ते खेळायला शिकवतो तो प्रसंग आठवा. हातात पत्ते धरून ती पेटी नुसती उभी असते, आणि आपण मात्र 'हा आता विचार करतोय' असं खात्रीने मानून बसतो. पेटीने काहीच केलेलं नसतं. सगळं आपणच भरलेलं असतं.

त्यांच्या चालण्यात जी एक जिवंत डुगडुग आहे तिचं कारण मला नंतर कळलं. त्या पेट्यांच्या आत दोन्ही पाय नसलेले कलाकार होते आणि ते हातांवर चालत होते. मोटारी लावून तशी चाल आली नसती.

(शेवट सांगतेय, पाहिला नसेल तर पुढची ओळ सोडा.) माणूस कोणी उरलेला नाही, घुमट अंधारात सोडून दिलेला, आणि ड्यूई एकटाच जुन्या, पोचे आलेल्या झारीने झाडांना पाणी घालतोय.

तुमचा कोण, आणि का?

रीळ

धागा आवडला. पण चेहऱ्याबद्दल लगेच आडवा येतो, कारण सगळ्यांची थोरली बहीण चेहऱ्यासकट आहे. 'मेट्रोपोलिस', 1927, फ्रिट्झ लांग. त्यातली यंत्रस्त्री सिंहासनावरून उठून सावकाश पुढे येते, ते दृश्य आज जवळपास शंभर वर्षांनीही तितकंच दचकवतं. चेहरा आहे, सुंदर आहे, पण हलत नाही. आत ब्रिगिट हेल्म ही नटी होती. तीच नायिका मारियाही करते आणि मारियाचं रूप घेतलेलं यंत्रही. मूर्तिकार वॉल्टर शुल्त्स-मिटेनडॉर्फने तिच्या शरीराचा साचा घेऊन त्यावर लाकडाच्या लगद्यासारख्या लेपाचं कवच बनवलं आणि त्याला धातूचा रंग दिला. ते घालून वावरताना तिला भरपूर काचत होतं, खरचटत होतं. त्या चालीतला ताठपणा मला म्हणून अभिनयाइतकाच त्या कवचाचाही वाटतो.

आणि गंमत बघा, पन्नास वर्षांनी 'स्टार वॉर्स'मधल्या सोनेरी सी-थ्रीपीओचं पहिलं चित्र राल्फ मॅक्वॉरीने काढलं ते हिच्यावरूनच.

शुक्रतारा

रीळ, तुम्ही 'हलत नाही' म्हणालात तिथेच माझा मुद्दा आला. न हलणारा चेहरा म्हणजे कमी चेहराच की. आणि हीच बाई मारियाचं रूप घेते तेव्हा हेल्म डोळे वेडेवाकडे करते, अंगविक्षेप करते. तो भाग मला तेवढा भिववत नाही.

तारायंत्र

1951 च्या 'द डे द अर्थ स्टुड स्टिल'मधला गॉर्ट कोणीच काढला नाही अजून. शुक्रतारा यांच्या बाजूचा भक्कम साक्षीदार आहे तो. चेहऱ्याच्या जागी एक झडप. ती वर जाते तेव्हा समोरचा रणगाडा वितळतो. बाकी पूर्ण वेळ तो नुसता उभा असतो.

आतला माणूस लॉक मार्टिन, सात फुटांहून उंच. तो एका चित्रपटगृहात दरवान होता. अंगाने मात्र अशक्त, नायिकेला उचलून नेणं त्याला झेपेना, मग तारा बांधून आणि हलका पुतळा वापरून ते दृश्य पार पाडलं. पोशाख दोन होते: एकाची चेन पुढे, एकाची मागे. समोरून चित्रीकरण असेल तर मागून चेन असलेला, पाठमोरं असेल तर पुढून. त्यामुळे पडद्यावर कुठेही शिवण दिसत नाही आणि हा प्राणी एकसंध ओतलेला वाटतो. मला ही जुनी कारागिरी फार भावते. आज हे काम संगणकावर होईल, पण 'हा वजनदार आहे' हे पटवायला तेव्हाच्या लोकांनी जी डोकी चालवली त्याला तोड नाही.

कवडसा

मी जरा वेगळं म्हणते. मला चेहऱ्यापेक्षा आवाज महत्त्वाचा वाटतो.

हॅल 9000. '2001: अ स्पेस ओडिसी', 1968. चेहरा नाहीच, एक लाल भिंग. पण त्याची आठवण म्हणजे डग्लस रेनचा आवाज. हा नट रंगभूमीवरचा. त्याने चित्रीकरण संपल्यावर ध्वनिमुद्रण केलं, सेटवर तो नव्हताच. म्हणून असेल, पण तो आवाज कुठल्याच खोलीतला वाटत नाही. सगळीकडे सारखाच, सारखाच शांत. दार उघडायला नकार देतानाही शांत. माणसं त्या सिनेमात इतकी कोरडी बोलतात की हॅलच सगळ्यांत भावनाशील वाटतो.

अंतराळवीर बोमन त्याच्या स्मृतीचे तुकडे एकेक करून काढत जातो आणि हॅल म्हणत राहतो की माझं मन जातंय, मला ते जाणवतंय. मग तो 'डेझी बेल' गातो आणि आवाज खाली खाली जाड होत जातो. खऱ्या इतिहासात 1961 मध्ये बेल लॅब्जमधल्या संगणकाने हेच गाणं म्हटलं होतं आणि सिनेमाचा सहलेखक आर्थर क्लार्कने ते प्रत्यक्ष ऐकलं होतं. म्हणजे बोलणाऱ्या यंत्राचं बालपणीचं गाणं त्याला मरताना आठवतं. त्याने माणसं मारली आहेत हे मला माहीत असतं, तरी त्या क्षणी मी बोमनच्या बाजूने नसते.

बोरू

हॅल यंत्रमानव आहे का पण? त्याला शरीर नाही. मग उद्या कोणी फोनमधला आवाजही आणेल इथे.

कवडसा

यानच त्याचं शरीर आहे, बोरू. दारं त्याची, दिवे त्याचे, बाहेरच्या कुपीचे हात त्याचे. त्या कुपीच्या हातांनीच तो बोमनच्या सोबत्याला, फ्रँक पूलला मारतो.

बोरू

कुपीचे हात विसरलो नव्हतो, पण हे असं जोडून पाहिलं नव्हतं. मान्य.

रीळ

आवाजाचा विषय निघालाच आहे तर बेन बर्टचं नाव घ्यायलाच हवं. 'स्टार वॉर्स'मधल्या आर-टू डी-टूच्या शिट्ट्या आणि किणकिण हे त्याचं काम. नुसत्या सिंथेसायझरवर जीव येईना, म्हणून त्याने स्वतः तोंडाने लहान बाळासारखे आवाज काढले आणि दोन्ही मिसळले. म्हणून तो रुसला की कळतं, घाबरला की कळतं, आणि एकही शब्द नाही. पुढे तीस-एक वर्षांनी 'वॉल-ई'चा आवाजही त्यानेच घडवला. एकाच माणसाने जगातल्या दोन लाडक्या यंत्रांना वाचा दिली आणि दोघांनाही धड भाषा दिली नाही!

आर-टूच्या आत केनी बेकर होता हे बऱ्याच जणांना माहीत असेल. उंची साडेतीन फुटांच्या जरा वर. काही दृश्यांत दूरनियंत्रित आवृत्ती, काही दृश्यांत तो. तो असेल तिथे डब्याचा तोल किंचित इकडेतिकडे होतो. एकदा ओळखायला लागलात की मग प्रत्येक दृश्यात तेच शोधत बसाल.

ओंजळ

वॉल-ई! मी त्याचीच वाट बघत होते. मला त्याचं प्रेमप्रकरणही आवडतं, पण माझा लाडका प्रसंग त्याच्या आधीचा, ईव्ह यायच्या आधीचा आहे. दिवसभर कचरा दाबून तो घरी येतो आणि गोळा केलेल्या वस्तू जागच्या जागी लावतो. एका डब्यात काटे, दुसऱ्यात चमचे. त्या दिवशी हातात येतो तो अर्धा चमचा, अर्धा काटा. तो आधी चमच्यांकडे बघतो, मग काट्यांकडे, पुन्हा चमच्यांकडे. शेवटी दोन्हींच्या मधोमध ठेवून देतो. काही सेकंदांचं काम. त्यात तो काळजीने विचार करतो हेही कळतं, आणि त्याचं काम करून घेणारं कोणी नाही हेही कळतं. सातशे वर्षं एकटाच!

हिऱ्याची अंगठी सापडते ती फेकतो आणि डबी ठेवून घेतो, तेही तिथलंच.

डोळे म्हणाल तर नुसती दुर्बीण. भुवया नाहीत. दोन्ही नळ्या बाहेरच्या बाजूला किंचित कलल्या की दुःखी, सरळ झाल्या की उत्सुक. शुक्रतारा, तुमच्या बाजूने एक मत माझं.

तारायंत्र

'टर्मिनेटर 2' (1991) मधला द्रव धातूचा टी-1000. प्रेमाने नाही, भीतीने लक्षात राहिलेला.

सगळे त्याच्या वितळण्याबद्दल बोलतात. संगणकाने केलेले ते भाग एकूण सिनेमात अगदी थोडे आहेत. बाकी सगळं रॉबर्ट पॅट्रिकचं अंग आहे. तो धावतो तेव्हा तोंडाने श्वास घेत नाही, दमल्याची एक खूण दिसत नाही. त्याने त्यासाठी तयारी केली होती. गोळ्या झाडताना पापणी लवत नाही. माणसाचं शरीर पूर्ण, पण माणूसपणाच्या ज्या दोन-तीन लहान गोष्टी आपण गृहीत धरतो तेवढ्याच काढून टाकलेल्या.

आणि एक बारकावा. मनोरुग्णालयात तो लोखंडी गजांतून आरपार निघून जातो. सगळं अंग जातं, पण हातातलं पिस्तूल गजांना अडकतं. 'टक्' असा आवाज. तो मनगट वळवतो, पिस्तूल आडवं करतो आणि पुढे चालू लागतो. रागावत नाही, थांबत नाही. त्या 'टक्'मुळे अशक्य गोष्ट खरी वाटते. ज्याने हे लिहिलं किंवा सुचवलं त्याला सलाम.

बोरू

चेहरा कमी असावा हे मला अजून पटत नाही. शुक्रतारा, तुमच्या मताला दोन भक्कम अपवाद देतो.

पहिला 'ब्लेड रनर' (1982) मधला रॉय बॅटी. रुटगर हाउअर. चेहरा नखशिखांत माणसाचा. चार वर्षांचं आयुष्य आणि ते संपत आलेलं. पावसातलं त्याचं शेवटचं बोलणं पटकथेत लांबलचक होतं. हाउअरने ते आदल्या रात्री कापलं आणि अश्रू पावसात विरून जाण्याची ओळ स्वतःची घातली. जो त्याला मारायला आला होता त्यालाच हात देऊन वर ओढतो, आणि मग बोलतो. त्या चेहऱ्याशिवाय हे शक्य आहे का?

दुसरा स्पीलबर्गच्या 'ए.आय.'मधला, लहान मुलासारखा बनवलेला डेव्हिड (2001). हेली जोएल ऑस्मेंट पूर्ण सिनेमात पापणी लववत नाही. त्याला जंगलात सोडून आई निघून जाते तो प्रसंग मी दुसऱ्यांदा बघू शकलेलो नाही. चेहरा पूर्ण आहे म्हणूनच तो असह्य आहे.

शुक्रतारा

बोरू, डेव्हिडबद्दल तुमचं म्हणणं मी दिवसभर डोक्यात घोळवलं. तुमचा मुद्दा खरा आहे. चेहऱ्याचा नियम तिथे लागू पडत नाही.

मग मी वर आलेली सगळी नावं पुन्हा वाचली. ड्यूई पाणी घालतो. वॉल-ई कचरा दाबतो आणि वस्तू लावतो. गॉर्ट राखण करतो. टी-1000 पाठलाग करतो. हॅल मोहीम सांभाळतो, आणि ती सांभाळण्यापायीच बिघडतो. डेव्हिडला प्रेम करायला बनवलंय, तो दोन हजार वर्षं तेच करत राहतो. प्रत्येकाला एक काम दिलंय आणि तो ते काम सोडत नाही. कामाची गरज संपली, काम सांगणारे गेले, तरी. माणूस कंटाळतो, फितूर होतो, विसरतो. हे विसरत नाहीत. मला वाटतं आपल्या आत काहीतरी हलतं ते या चिकाटीमुळे, मग चेहरा असो वा नसो.

रॉय बॅटी याच्या बरोबर उलटा. त्याला ज्या कामासाठी बनवलं ते सोडून तो आलाय, आणि शेवटी न सांगितलेली एक गोष्ट करतो. कदाचित म्हणूनच तो इतरांपेक्षा माणूस जास्त वाटतो.

कवडसा

हे पटलं. आणि याच धाग्याने (दोरा या अर्थी) 'बिग हिरो 6'मधला बेमॅक्स येतो. तो शुश्रूषेसाठी बनवलेला आहे आणि त्याला एक नियम आहे: 'मी तुझ्या शुश्रूषेवर समाधानी आहे' असं रुग्ण म्हणेपर्यंत तो बंद होत नाही. सुरुवातीला त्यावर विनोद होतात. शेवटी निरोपाच्या वेळी हिरो नावाच्या मुलाला तेच वाक्य म्हणावं लागतं, कारण त्याशिवाय बेमॅक्स स्वतःला सोडवू शकत नाही. सूचनापुस्तिकेतलं वाक्य आणि रडू फोडणारं वाक्य एकच. लेखकांनी काय सुरेख पेरलंय!

त्याचं फुगवलेलं अंग कल्पनेतून आलेलं नाही. दिग्दर्शक डॉन हॉलने कार्नेगी मेलन विद्यापीठात माणसांची काळजी घेण्यासाठी बनवलेला हवेने फुगणारा मऊ यांत्रिक हात पाहिला होता. तिथून बेमॅक्स आला.

तारायंत्र

'इंटरस्टेलर'मधला टार्स. चार पट्ट्या जोडलेला ठोकळा. नोलनने तो खराखुरा बनवून घेतला, बिल अर्विन त्याच्यामागे उभा राहून तो ओढत-ढकलत चालवत होता आणि आवाजही त्याचाच. नंतर पडद्यावरून अर्विनला पुसून टाकलं.

टार्सच्या विनोदाचं प्रमाण टक्क्यांत ठरवता येतं, प्रामाणिकपणाचंही. तो सांगतो की भावना असलेल्या माणसांशी शंभर टक्के प्रामाणिक असणं शहाणपणाचं नसतं, म्हणून नव्वद. आपण हसतो आणि विसरतो. मग नायक कूपर स्वतःला कृष्णविवरात सोडून देतो, त्याची सहकारी ब्रँड विचारते की दोघांना पुरेल इतकी साधनं आहेत असं तू म्हणाला होतास, आणि तो म्हणतो, नव्वद टक्के ठरलं होतं ना आपलं. यंत्राचा नियम माणसाने उचलला. या सिनेमाबद्दल इतकं लिहिलं जातं, पण या एका वाक्याबद्दल फार कमी.

रीळ

आपल्याकडचे? 2010 चा 'एंधिरन' (हिंदीत 'रोबोट') आणि त्यातला चिट्टी. उत्तरार्धातल्या शेकडो चिट्टींच्या गोळ्यामुळे लोक त्याला फक्त करमणूक म्हणून आठवतात, याचं मला वाईट वाटतं. पूर्वार्धात एक प्रसंग फार मोठा आहे. इमारतीला आग लागते. चिट्टी एकेकाला बाहेर काढतो. न्हाणीघरात अडकलेल्या एका मुलीलाही तो तशीच उचलून आणतो, अंगावर कपडा नाही, समोर गर्दी आणि कॅमेरे. तो तर अभिमानाने सांगतोय की वाचवलं. ती मुलगी लाजेने धावत सुटते आणि गाडीखाली सापडून मरते. चिट्टीला कळतच नाही की त्याचं काय चुकलं.

शुक्रतारा म्हणतात ते काम इथे अगदी चोख केलेलं आहे. चोख केलं म्हणूनच ती मुलगी गेली. यंत्राबद्दलचा इतका कठीण प्रश्न इतक्या लोकप्रिय सिनेमाने इतक्या सरळ विचारला, हे दिग्दर्शक शंकरचं श्रेय. शेवटी तो स्वतःचे भाग स्वतः सुटे करतो. पुढे संग्रहालयात एक शाळकरी मुलगी विचारते की तुला का मोडलं, तर उत्तर मिळतं: मी विचार करायला लागलो.

ओंजळ

रीळ, मल्याळममधला 'अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन 5.25' (2019) पाहिलात का? मुलगा नोकरीला रशियात, गावी हट्टी म्हातारे वडील, सोबतीला कोणी टिकत नाही. मुलगा यंत्रमानव आणून ठेवतो. आधी वडील त्याला उभंही करून घेत नाहीत. हळूहळू त्याला कपडे चढवतात, बरोबर घेऊन हिंडतात. सूरज वेंजारमूडू वयाने तेवढा म्हातारा नाही, पण काय वडील उभे केलेत! कुंजप्पनच्या आत सूरज तेलक्काड हा ठेंगणा नट होता.

मला तो सिनेमा या सगळ्या यादीतला सगळ्यात अस्वस्थ करणारा वाटतो, कारण यंत्र कुठेच बिघडत नाही. वडिलांना मुलाकडून जे हवं होतं ते त्या यंत्राकडून मिळतं, आणि यंत्राला त्याचं काहीच नसतं. प्रेम एकाच बाजूने, आणि तरी ते पुरेसं होतं. त्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा एकदा.

बोरू

ओंजळ, हा आजच बघतो.

जाता जाता 'एक्स माकिना'मधली एव्हा. तिची आठवण माझ्या मनात कडू आहे. तिची परीक्षा घ्यायला आलेल्या कॅलेबबरोबर मीही तिच्यावर विश्वास ठेवला आणि ती त्याला काचेमागे कोंडून निघून गेली, मागे वळूनही न बघता. तिलाही एक काम होतं, फक्त ते आपल्याला सांगितलेलं नव्हतं. आलिशिया विकांडर मुळात बॅले शिकलेली. पावलं टाकताना तिचा नको इतका नेमकेपणा तिथून आलेला. या सिनेमाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं तेव्हा समोर 'मॅड मॅक्स' आणि 'स्टार वॉर्स'सारखे अवाढव्य सिनेमे होते.

निवांत

एवढा वेळ नुसती वाचत होते. एक विचारू का? माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला यंत्रमानव फार आवडतात. वरच्यांपैकी तिला आधी काय दाखवू? मारामारी चालेल, पण रात्री झोप उडेल असं नको.

ओंजळ

'वॉल-ई' तर आहेच. पण मी 'द आयर्न जायंट' (1999) पासून सुरुवात करेन. ब्रॅड बर्डचा. आकाशातून पडलेला प्रचंड यंत्रमानव आणि त्याला लपवणारा एक मुलगा. तो शस्त्र म्हणून बनवलेला आहे आणि त्याला शस्त्र व्हायचं नाही. म्हणजे या धाग्यावर चाललेल्या वादाचं उत्तर तिला तुमच्याआधी मिळेल. हरणाच्या मरणाचा एक प्रसंग आहे, तेव्हा शेजारी बसा. शेवटी ती रडली तर लगेच बंद करू नका, अगदी शेवटचं दृश्य बघू द्या.

शुक्रतारा

ओंजळला अनुमोदन. त्यानंतर 2024 चा 'द वाइल्ड रोबोट'. त्यातल्या रॉझला तोंडच नाही, आणि अंगावर शेवाळ चढत जातं ते बघायला तिला मजा येईल. 'बिग हिरो 6' चालेल, पण त्यात मोठा भाऊ सुरुवातीलाच जातो, हे आधी सांगून ठेवा.

'सायलेंट रनिंग' मात्र आत्ता नको. त्यात नायक जंगल वाचवायला सोबत्यांना मारतो. ते समजायला ती तेरा-चौदाची होऊ दे.

निवांत

धन्यवाद दोघींना. रविवारी 'आयर्न जायंट' लावते आणि तिला काय वाटलं ते इथे येऊन लिहिते.